धर्मग्रंथाचा रकाना

पत्र

नमस्कार ताई,

मी जव्हार तालुक्यातला, वारली. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. बायको सिन्नरकडची, तिचं माहेर माळकरी. आमचं दोघांचं चांगलं चाललंय. मुलगी तिसरीत आहे. शाळेतून तिला एक तक्ता भरायला दिला होता : धर्म, धर्मग्रंथ, प्रार्थनास्थळ, मुख्य सण. तिनं विचारलं, ‘पप्पा, आपला धर्मग्रंथ कोणता?’ मी म्हटलं, आपल्याला नाही. तिनं रकाना मोकळा सोडला. बाईंनी लाल पेनानं तिथं ‘भगवद्गीता’ लिहून दिलं.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण त्याच आठवड्यात मेहुणे आले होते. ते म्हणाले, ‘दाजी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्याकडे आहे ती रीत. तिला श्रद्धा म्हणत नाहीत. देव कोण, कसा, हे कुठं लिहिलेलंच नाही, मग मानता काय?’ कंपनीच्या बसमध्ये माझ्याशेजारी बसणारा मित्र ख्रिस्ती आहे, माणूस भला. त्यानं नवा करार हातात दिला आणि म्हणाला, ‘देव बोलतो तो इथं बोलतो. ज्यांच्याकडे वचन नाही ते अंधारात चाचपडतात.’ या दोघांचं एरवी एकमेकांशी पटणार नाही, पण याबाबतीत दोघे एकच बोलतात.

आई गावाला असते. शाळेत गेली नाही. हिरवा, नारनदेव, वाघदेव, कणसरी ही तिची दैवतं. पावसाळ्यात नवी कवळीची भाजी देवाला दाखवल्याशिवाय ती घरात शिजू देत नाही. तिला विचारलं, देव आहे हे तुला कशावरून कळलं? तर म्हणाली, ‘मग भात कुणी दिला?’ यापुढं ती बोलली नाही.

पोथी नसेल तर देवावर श्रद्धा आहे असं म्हणता येतं का? मुलीला काय सांगू? कधी कधी वाटतं, आपणच एक पुस्तक लिहून टाकावं, म्हणजे हा प्रश्नच मिटेल.

— एक वाचक, नाशिक

उत्तर

नमस्कार.

तुमच्या आईपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यांत नेमकं तीच बोलली आहे.

‘मग भात कुणी दिला?’ हे न शिकलेल्या बाईचं भाबडं उत्तर आहे, असं तुम्हाला वाटलेलं दिसतं. साधारण हजार वर्षांपूर्वी मिथिलेत उदयनाचार्य नावाचे मोठे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, होऊन गेले. ईश्वर आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा अख्खा ग्रंथ लिहिला. त्यातला आघाडीचा मुद्दा असा : जे घडलेलं असतं त्याला घडवणारा असतो, जग घडलेलं आहे, तेव्हा जगालाही कर्ता आहे. आईनं भातापुरतं तेच म्हटलं. हा युक्तिवाद बिनतोड आहे असं मी म्हणणार नाही. बौद्ध आणि जैन पंडितांनी त्याची चांगली चिरफाड केली आहे आणि मला त्यांचं बरंचसं पटतं. पण तो युक्तिवाद आहे, आणि तो करायला अक्षरओळख लागत नाही, एवढं मात्र तुमच्या मेहुण्यांना मान्य करावं लागेल.

नैयायिक तर वेद मानणारे. मग त्यांनी ‘वेदात म्हटलंय म्हणून देव आहे’ असं सांगून विषय का संपवला नाही? कारण तिथं पेच पडतो. ग्रंथ खरा कशावरून, तर तो देवाचा शब्द म्हणून. आणि देव आहे कशावरून, तर ग्रंथात म्हटलंय म्हणून. आपल्या तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. दोघांपैकी एकाला तरी बाहेरून आधार द्यावा लागतो. पोथी हाती घेण्याआधीच माणसाच्या मनात कुठला तरी विश्वास असतो, म्हणून तर तो ती हाती घेतो.

आता मेहुण्यांच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर मी तुमची भलामण करतेय असं होईल. त्यांच्या म्हणण्यामागं खुद्द शंकराचार्य उभे आहेत. ब्रह्म डोळ्यांना दिसत नाही आणि तर्काच्याही हाती लागत नाही, त्याचं ज्ञान शास्त्रातूनच होतं, अशी वेदान्ताची भूमिका आहे, आणि ब्रह्मसूत्रांत अगदी तिसऱ्या सूत्रालाच ती येते. म्हणजे ‘ग्रंथाशिवाय कळणार नाही’ म्हणणारे लोक हलके नव्हेत. पण त्याच वेदांवर पोसलेले मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे पंडित, बघा. कुमारिल भट्टांनी वेदाच्या प्रामाण्यासाठी आयुष्य वेचलं. वेद अपौरुषेय, ते कुणीच रचले नाहीत, देवानंही नाहीत, असं ते म्हणत. आणि जगाचा कर्ता ईश्वर मात्र त्यांनी साफ नाकारला. वेदाचं एक अक्षर न सोडणारी आणि देवाची गरज न पडणारी माणसं! जैनांकडे आगम आहेत, बौद्धांकडे त्रिपिटकाचे खंडच्या खंड आहेत, आणि दोघांकडेही सृष्टी निर्माण करणारा देव नाही. तेव्हा ग्रंथ असला की देव असतोच असं नाही. मग ग्रंथ नसला की देव नसतोच, हे कुठून आलं?

शिवाय मेहुणे ‘लिहिलेलं’ म्हणतात. वेद कित्येक शतकं लिहिलेले नव्हतेच. पुण्याला भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची तीस हस्तलिखितं आहेत. २००७ साली युनेस्कोनं त्यांची ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या यादीत नोंद केली. त्यांतलं सर्वांत जुनं १४६४ सालचं. त्याआधीची दोन-अडीच हजार वर्षं ऋग्वेद मुख्यतः एका तोंडातून दुसऱ्या कानात गेला. पद, क्रम, जटा, घन असे शब्द उलटसुलट गुंफून म्हणायचे पाठ केले गेले ते त्यासाठीच, की एक स्वरही निसटू नये. आणि लिहिलेलं बघून वेद म्हणणाऱ्याची गणना पाणिनीय शिक्षेत कुठं केली आहे? सहा अधम पाठकांमध्ये! मान हलवत म्हणणारा, घाईनं म्हणणारा, अर्थ न कळता म्हणणारा आणि त्यांच्याच ओळीत हा ‘लिखितपाठक’. तुमची आई आणि जुने वेदमूर्ती या एका बाबतीत एका बाजूला बसतात, आणि मेहुणे दुसऱ्या. हे त्यांना सांगताना हसून सांगा.

पण मेहुणे माळकरी आहेत, तेव्हा वेदापेक्षा पंढरपूर त्यांना जवळचं. पंढरपूरच्या देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळातला. यादव राजा रामदेवराव आणि त्याचा करणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, हेमाद्री यांचा त्यात उल्लेख आहे, आणि बाकी आहे ती देवळाला दान देणाऱ्यांची यादी. त्याही आधीचा, १२३७ सालचा, होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला लेख तिथंच आहे. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. सरळ हिशेब आहे : ज्या ग्रंथाचं पारायण मेहुण्यांच्या घरी होतं तो लिहिला जाण्याआधीच लोक विठोबाच्या दारी येऊन पदरचे पैसे देऊन जात होते. आधी देव, मग गर्दी, मग देणग्या आणि मग ग्रंथ. आणि तो ग्रंथसुद्धा नेवाशाला ज्ञानेश्वर बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले असा झाला. पुढं नकलांवर नकला होऊन त्यात इतके अपपाठ शिरले, की १५८४ मध्ये एकनाथांना बसून शुद्ध प्रत तयार करावी लागली. ग्रंथालाही सांभाळणारा माणूस लागतोच.

याहून महत्त्वाचं पुढं आहे, आणि ते मेहुण्यांच्या हातातल्याच ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव वेदाला चक्क कंजूष म्हणतात. वेद संपन्न खरा, पण याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. स्त्रिया आणि शूद्र यांना त्यानं उंबऱ्याबाहेर ठेवलं. ते उणं भरून काढायला गीता आली, असं ते म्हणतात. आता विचार करा. या महाराष्ट्रात शतकानुशतकं बहुसंख्य माणसांना मुख्य धर्मग्रंथ वाचणं सोडाच, ऐकायचीही बंदी होती. श्रद्धा जर ग्रंथावर अवलंबून असेल, तर चोखोबांची श्रद्धा कुठून आली? जनाबाईची कुठून आली? आणि मेहुण्यांची खापरपणजी, जिनं शेणानं सारवलेल्या भिंतीजवळ टाळ अडकवून ठेवला असेल, ती काय देव न मानताच गेली? ग्रंथावाचून श्रद्धा नाही हा नियम लावायचा तर आधी तो स्वतःच्या घरातल्या म्हाताऱ्यांना लावावा लागतो, आणि तिथं तो टिकत नाही.

बसमधल्या मित्राशी फार वाद घालू नका. त्यानं पुस्तक प्रेमानं दिलं आहे, वाचा, चांगलं आहे. वाचताना ‘रोमकरांस पत्र’ काढा. त्याच्या पहिल्या दोन अध्यायांत पौल म्हणतो की देवाबद्दल जे कळण्याजोगं आहे ते निर्मिलेल्या वस्तूंवरून कळतं, आणि ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्यातही त्याचा आशय अंतःकरणात लिहिलेला दिसतो. ज्याला यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघंही आपला पूर्वज मानतात त्या अब्राहामाच्या हाती कुठलं पुस्तक होतं, हेही मित्राला विचारता येईल. आईनं भात म्हटलं, पौलानं निर्मिलेल्या वस्तू म्हटलं.

आपल्याकडेही, ग्रंथांचा ढीग वाचून झाल्यावर ‘श्रद्धा यावर उभी नाही’ असं ठरवणारी माणसं झाली. बंगालमध्ये ब्राह्म समाजाचे पुढारी देवेंद्रनाथ ठाकुर यांनी चार तरुणांना वेद शिकायला काशीला धाडलं होतं, आणि शेवटी ब्राह्म समाजानं वेद प्रमाण मानणंच सोडलं. देव सोडला नाही. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजानंही कुठलाच ग्रंथ ईश्वरप्रणीत मानला नाही. भांडारकरांसारखा संस्कृतचा पंडित त्यांच्यात होता, म्हणजे वाचायला येत नव्हतं म्हणून सोडलं असंही नाही.

जोतीराव फुल्यांचं उदाहरण मात्र मला तुमच्या घरासाठी घ्यावंसं वाटतं. ते निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानत, पण कुठलंही एक पुस्तक म्हणजे पूर्ण सत्य असं मानत नसत. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ निघालं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे : बाई वाचून बौद्ध झालेली, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात एकमेकांचा द्वेष न करता राहतात. इतकं उदार घर आजही कुठं दिसायचं नाही. पण नीट बघा, त्या घरातला प्रत्येक जण कुठलं ना कुठलं धर्मपुस्तक वाचून तिथं पोचला आहे. इतक्या मोठ्या मनाच्या माणसाच्या घरातही तुमच्या आईसाठी खोली काढायची राहून गेली. फुल्यांचं सगळं आयुष्य शिक्षणासाठी गेलं, त्यांनी असं लिहावं हे साहजिकच. पण शाळेतल्या त्या तक्त्यात आईला जागा का नव्हती, हे यावरून कळतं. तक्ता करणारे वाईट नसतात. ते वाचणारे असतात.

आता ‘रीत’ या शब्दाकडे येते. मेहुण्यांना वाटतं, श्रद्धा डोक्यात असते आणि रीत हातात. मला हे वेगळं काढता येत नाही. कवळीचंच घ्या. पहिले पाऊस झाले की ती माळावर उगवते. उन्हाळ्याचे शेवटचे आठवडे घरात ओलं काही नसतं. सुकट, डाळ, सुकवलेली भाजी. अशा वेळी दारापलीकडे कोवळी, फुकटची, हिरवी भाजी उभी आहे, पोरं मागतायत, आणि बाई हात आवरते. कुणीतरी आपल्याआधी आहे, त्याचा वाटा काढल्याशिवाय आपण खायचं नाही. हे ती कुणी बघत नसतानाही पाळते. याला श्रद्धा म्हणायचं नाही तर कशाला? पोथीचा अध्याय घडाघडा म्हणून ताटावर बसताना कुणाचीच आठवण न करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. (त्यात मीही येते, पण ते जाऊ द्या.)

आणि तुमच्याकडे काही रचलेलंच नाही, हेही खरं नाही. लग्नाआधी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, मध्ये पालघट देवी, शेजारी देवचौकात पंचशिऱ्या हा पाच शिरांचा देव. चौक झाला म्हणजे लग्न लागलं असं नाही. ते लागतं धवलेरीनं गायल्यावर. ती बाई आहे हे लक्षात घ्या. ज्या काळात वेदाचा एक शब्द बाईच्या कानी पडू नये म्हणून काळजी घेतली जात होती, त्या काळात तुमच्याकडे लग्न लावणारी बाई होती. ती एकेक देवाला नाव घेऊन बोलावते. मळणीच्या दिवसांत भगत घांगळी हे वाद्य घेऊन कणसरीची कथा लावतो. रचना आहे, क्रम आहे, चुकलं तर सांगणारं आहे. फक्त कागद नाही. जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रं कागदावर आणि कापडावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आता ती चादरींवर, कपांवर, विमानतळांच्या भिंतींवर दिसतात. पण चौकाचं काय होतं, तो कुणासाठी लिहितात, हे कप विकत घेणाऱ्याला माहीत नसतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मी पोथी नसण्याचा गौरव करतेय. तसं नाही. लिहिलेलं असलं की एक सोय होते : पुजारी काय सांगतो ते पडताळून बघता येतं. आपल्याकडे कित्येक सुधारकांनी लढाया केल्या त्या ‘दाखव कुठं लिहिलंय’ असं म्हणून. जिथं सगळं एका माणसाच्या तोंडात असतं तिथं त्या तोंडाला आवर घालणं अवघड. तुमच्याच भागात भगतानं एखाद्या एकट्या बाईला भुताळी ठरवलं की तिचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यासाठी २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. अर्थात ग्रंथवाल्यांनीही बायका जाळल्या आहेत, ग्रंथ दाखवून जाळल्या आहेत. तेव्हा पुस्तक नसण्यानं कुणी निष्पाप होत नाही आणि असण्यानंही होत नाही. आईच्या देवाचा मान ठेवताना भगताचा प्रत्येक शब्द पाळलाच पाहिजे असं मुलीला शिकवू नका, इतकंच.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर : श्रद्धा असायला ग्रंथ लागत नाही. पण ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायला काहीतरी लागतं, आणि तुमची खरी अडचण तिथं आहे. मेहुणे आणि मित्र यांनी ती नुसती उघडी पाडली.

आईच्या देवाला शेत लागतं. नवा भात लागतो, माळावर कवळी लागते, वाघदेवाला गावची शीव लागते, लग्नाला धवलेरी लागते. हे सगळं जव्हारला आहे. तुम्ही अंबडला दोन खोल्यांत राहता, भात दुकानातून येतो आणि तो कोणत्या महिन्यात पिकला हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. पोथीवाल्याला घर बदलताना पोथी ट्रंकेत टाकता येते. अमेरिकेत गेलेली मराठी माणसंही गाथा घेऊन गेली. तुम्हाला शेत ट्रंकेत टाकता येत नाही. तुमच्यापर्यंत आईकडून आलं, कारण तुम्ही तिथं वाढलात. मुलीकडे पोथीही नाही आणि शेतही नाही. तिचा रकाना मोकळा राहिला तो धर्मग्रंथ नसल्यामुळं नव्हे, तिला दुसरं काय लिहायचं हे ठाऊक नव्हतं म्हणून. आणि ते ठाऊक करून देणं बाईंचं काम नव्हतं. हे कठोर वाटलं तर वाटू द्या.

तर मुलीला घेऊन जा. मेची सुट्टी ठीकच, पण त्या वेळी गावात काही नसतं. पाऊस पडल्यावर, कवळीच्या वेळी, शनिवार-रविवार काढून जा. पुन्हा दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला. पुन्हा भाताच्या झोडणीला, भले दोन दिवसांची रजा गेली तरी. तिथं नेऊन ‘हे आपलं दैवत, याला नमस्कार कर’ असं भाषण देऊ नका. आजीच्या हाताखाली ठेवा. आजी तिला सूप धरायला लावेल आणि तिचं तिला कळेल, किंवा नाही कळणार. मोठी झाल्यावर ती मानेल, माळ घालेल, नवा करार वाचेल, नाहीतर काहीच मानणार नाही. ते तिच्यावर. पण न बघताच सोडलं असं व्हायला नको.

पुस्तक लिहिण्याबद्दल. लिहा, जरूर लिहा, पण मेहुण्यांना दाखवायला लिहू नका. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते. गोंडांचा आदिगुरू लिंगो याची कथा त्यांनी प्रधान, म्हणजे गोंडांच्या कथा गाणाऱ्या जमातीतल्या, एका गायकाकडून उतरवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ती रिचर्ड टेंपल यांनी छापली. फार मोलाचं काम. त्याच्याशिवाय पुष्कळ हरवलं असतं. पण ते एका गायकानं एका वेळी सांगितलेलं रूप होतं, त्यात महादेव-पार्वतीही भरपूर आले होते. बाना हे वाद्य वाजवत दुसरा प्रधान दुसऱ्या गावात वेगळं गात असणार. छापलं गेलं ते अभ्यासकांसाठी ‘मूळ’ झालं आणि न छापलेलं ‘पाठभेद’. आजही माघ पौर्णिमेला गोंदियातल्या कचारगडला हजारो गोंड जमतात ते ती छापील प्रत वाचून नव्हे.

म्हणून पोथी करू नका, वही करा. साधी दोनशे पानी. आईनं सांगितलं ते तिच्या बोलीत, वारलीत, देवनागरीतच उतरवा. शाळेच्या मराठीत सुधारून नको. वर गाव, महिना, सांगणाऱ्याचं नाव. समोरचं पान कोरं ठेवा. आत्या किंवा शेजारच्या पाड्यावरची धवलेरी तेच वेगळं सांगेल, ते तिथं लिहा. कोणतं बरोबर याचा निकाल लावू नका. मोबाईलवर आवाज घ्या, पण आधी विचारून. काही गाणी अवेळी गात नाहीत, काही बाहेरच्याला ऐकवत नाहीत. आई ‘हे नको’ म्हणाली तर फोन खिशात घाला. आणि ते आंतरजालावर टाकायची घाई करू नका.

शाळेचं सोपं आहे. बाईंना भेटा. त्यांनी खोडसाळपणा केलेला नाही. रकाना मोकळा दिसला, त्यांनी तो भरला. शांतपणे सांगा की आमच्याकडे ग्रंथ नाही, गाणी आहेत, ती धवलेरी आणि भगत गातात, आणि रकान्यात तसंच लिहिलं तर चालेल का? वर्गाला दहा मिनिटं सांगायला येऊ का, असंही विचारा. बहुतेक शिक्षकांना असा पालक हवा असतो. जनगणनेतसुद्धा धर्माचं नाव विचारतात, पुस्तकाचं विचारत नाहीत. २०११ मध्ये सहा मोठ्या धर्मांखेरीज वेगळं नाव सांगणारे देशभरात एकोणऐंशी लाखांवर लोक होते. त्यांत झारखंडकडच्या आदिवासींचा सरना धर्म लिहिणारेच एकोणपन्नास लाखांपेक्षा जास्त, आणि त्यांच्याकडेही ग्रंथ नाही, साल वृक्षांची राई आहे. तुम्ही स्वतःला काय म्हणवून घ्यायचं, हिंदू, आदिवासी की आणखी काही, हा मोठा वाद आहे, तुमच्या समाजातही त्यावर एकमत नाही, आणि त्यात मी पडणार नाही. ते तुम्ही घरात बसून ठरवा.

घरात म्हटल्यावर आठवलं. तुमच्या पत्रात मेहुणे बोलतात, मित्र बोलतो, आई बोलते, मुलगी बोलते, बाईंचं लाल पेनसुद्धा बोलतं. बायको काय म्हणते ते कुठंच नाही. लग्न तिनं केलं आहे, तुमच्या गावी चौकासमोर तीच बसली असेल, धवलेरी तिच्यासाठी गायली असेल. माहेरची माळ आणि सासरचा हिरवा यांचा मेळ ती इतकी वर्षं मनात कसा घालते, हे तिला कुणी विचारलं आहे का? मेहुण्यांना उत्तर द्यायच्या आधी तिला विचारा. कदाचित तिच्याकडे ते तयार असेल, आणि भावाला ती ते तुमच्यापेक्षा चांगलं सुनावेल.